वरून सरळ बसवलेलं स्टीअरिंग

मित्रांनो, मी एका टेम्पोचं जुनं स्टीअरिंग आहे, आणि एका भल्या माणसाच्या तीन बरगड्या मी मोडल्या आहेत. आधीच सांगून टाकलं. पोटात ठेवून बोलणं मला जमत नाही.

माझा जन्मच दणक्यांतला. कारखान्यात लोखंडी सळई वाकवून माझं कडं केलं आणि वर तापलेलं काळं रबर चढवलं. मग खिडक्यांच्या काचा वाहणाऱ्या टेम्पोत मला बसवलं. तो दोघे बहीणभाऊ आळीपाळीने चालवायचे. भाऊ भारी तापट. कुणी आडवं आलं की शिव्या त्याला आणि बुक्क्या मला! पण राग उतरला की "हाच आपला तिसरा भागीदार," असं म्हणायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एकदा पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि चाक वळवणारा दांडा वाकला. गॅरेजवाल्याला सगळे हातोडेमिस्त्री म्हणत, कारण त्याच्याकडे औषध एकच. त्याने नवा दांडा घातला खरा, पण माप न जुळवता. टेम्पो सरळ चालला की मी डावीकडे कललेला! अशा वेळी दोन्ही बाजूंचे दांडे जुळवायचे असतात. या बहाद्दराने काय करावं? माझ्या मधला नट काढला, खालून दणादण हातोडा हाणून मला उपटलं आणि वरून सरळ करून पुन्हा ठोकलं. खालचं दुखणं तसंच राहिलं.

"दादा, डावीकडे कमी वळतंय हं," बहीण म्हणाली.

"सरळ दिसतंय ना? मग झालं तर! उगाच किरकिर नको," भाऊ खेकसला.

दुसऱ्याच दिवशी भाऊ एकटा काचा घेऊन निघाला. उतारावर डावीकडचं अवघड वळण आलं. त्याने मला गरागरा फिरवलं आणि मी मध्येच अडलो. अजून वळायला हवं होतं, पण वळता येईना. त्याने जीव खाऊन ओढलं. टेम्पो कठड्यावर धडकला, मागच्या काचा फुटून आत घुसल्या आणि त्याची छाती माझ्यावर आदळली. हाडं मोडल्याचा आवाज माझ्या अंगातून गेला. त्याचं रक्त माझ्यावरून त्याच्याच गुडघ्यांवर ठिबकत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

भाऊ दवाखान्यात गेला आणि टेम्पो ओढत पुन्हा त्याच गॅरेजात आला. पुढचा पत्रा ठोकून झाला. धडकेने दांडे हलले होते, म्हणून मी पुन्हा डावीकडे कललेला. मिस्त्रीने हातोडा उचलला, तोच बहिणीने तो हिसकावला.

"दादाला गाडी येत नाही म्हणून गावभर सांगतोस ना? चल, बस बाजूला!"

हातोडा तिच्या हातात होता. मिस्त्री मुकाट बसला. तिने आवारातल्या भिंतीच्या रोखाने गाडी सोडली.

"आता डावीकडे वळवते. तुझं काम चोख असेल तर भिंत चुकेल."

भिंत जवळ आली. मिस्त्री किंचाळला, "थांब! नाही वळायची! मला ठाऊक आहे, नाही वळायची!"

तिने करकचून ब्रेक दाबला. भिंत वीतभर राहिली होती.

"ठाऊक होतं?" तिने फाडकन त्याच्या कानाखाली लगावली. तो खाली मान घालून उतरला.

मग त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बरोबर मध्य काढला आणि तिथे मला सरळ बसवून बांधलं. खाली झोपून दोन्हीकडचे दांडे थोडेथोडे फिरवत चाकं सरळ केली. तासाभराचं तर काम!

मित्रांनो, हात जोडून सांगतो, मी वाकडा दिसलो तर मला उपटू नका. खाली वाका, चाकं बघा. आणि कुणी "कमी वळतंय" म्हणालं तर ऐकून घ्या.

आता टेम्पो बहीणच चालवते. भाऊ बाजूला बसतो. डावं वळण आलं की गच्च डोळे मिटून घेतो. मी आता पुरता वळतो हो, पण त्याला कसं सांगू?