कच्ची शिवण

मुलाबाळांसह वाळवंटात मुक्कामाला निघालेल्या शिंप्याचं पाणी सकाळी संपलं, दुपारी पेट्रोलही. त्याने घरच्या पडद्यांचा शिवलेला तंबू टपावर बांधला. वाऱ्याने तो टम्म फुगला आणि गाडी वाळूवरून होडीसारखी तरंगत निघाली. टेकड्या मागे विरघळत होत्या, तहानलेली मुलं पेंगत होती, बायकोला सगळं स्वप्नच वाटत होतं. तेवढ्यात विहीर दिसली.

"अहो, थांबवा की!"

"ब्रेक लागेना! आणि माझी शिवण जन्मात उसवायची नाही."

"एक बाजू माझी आहे. कच्ची म्हणून वाटभर हसलात ना?"

तिने दोरा ओढला. पडदे अलगद उतरले, गाडी विहिरीच्या काठाला टेकली.

पोटभर पाणी पिऊन शिंपी पुटपुटला, "तशी बरी शिवतेस हं."