चिपट्यात न मावलेली मगर

कापडे गावच्या कुशाबाची मगर करंगळीच्या नखाएवढ्या काळ्या चकतीत शिरली होती, हे कुणाला खरं वाटायचं नाही. नको वाटू दे. कापड्यात तरी कुणाला वाटलं होतं?

मगर होती मात्र खरी. तुडीलला लेकीकडे गेला असताना कुशाबानं ती सावित्री नदीच्या काठावर भर दुपारी पाहिली. म्हशींच्या शेजारी, जबडा वासून ऊन खात पडलेली. जावई प्रवीणनं मोबाईलवर शूटिंग केलं. त्याचा मोबाईल गच्च भरलेला, म्हणून ती मगर त्यानं तिथून काढून मेमरीच्या काळ्या चिपेत टाकली आणि चिप सासऱ्याच्या हातात ठेवली. "न्या आबा. आता गावाला बोलायला तोंड नाय."

गावाला तोंड होतं, ते कुशाबाच्याच तोंडामुळं. आयुष्यभर त्यानं वाघाला विडी पाजली होती आणि सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात अंडी उकडून त्यातून पिल्लं काढली होती. मगरही त्यानं सांगताना एस्टीएवढी केली. ती चूक नव्हे, सवय. पण पालखी टेकते त्या सहाणेवर चार माणसांत गावकार गोमाजी म्हणाला, "खोट्या तोंडानं शिमग्याचं गाऱ्हाणं घालायचं कसं? मगर दाखव. नायतर यंदा साहिल घालील."

साहिल! मुंबईहून सणापुरता उगवणारा, देवाकडचं मागणं मोबाईलमध्ये बघून वाचणारा! कुशाबाच्या डोक्यात जाळ झाला. त्याचा बाप गाऱ्हाणं घालायचा, बापामागं तो. त्यानं एकेक मागणं मागायचं आणि उभ्या गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तेवढ्या घटकेला गाव त्याच्या तोंडचा शब्द खरा मानायचं. बाकी वर्षभर कोण मानत होतं?

घरी येऊन त्यानं चिप आपल्या बटणाच्या मोबाईलमध्ये सारली. अलगद बसली. मोबाईल म्हणाला, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचे? खाली होय आणि नाही. आता कुणी अदबीनं काही मागितलं, की पुढं काय म्हणायचं हे कुशाबाला लहानपणापासून ठाऊक. "व्हय म्हाराजा!" असं मोठ्यानं म्हणून त्यानं होय दाबलं. चुलीपाशी बसलेली त्याची बायको बनुबाई फिस्सकन हसली.

मगर दिसेना. कुशाबानं मोबाईल मांडीवर आपटला, पाटावर आपटला. शेजारच्या यशराजकडं गेला, तर त्याच्या नव्याकोऱ्या मोबाईलला चिपेची खाचच नाही. "आता नसते ओ, आबा."

"एवढी किंमत मोजून भोकसुद्धा देत नायत?" कुशाबा ओरडला आणि तणतणत महाडला गेला.

महाडच्या बाजारात विनीतचं मोबाईलचं दुकान. पोरगा शांत, त्यामुळं कुशाबा आणखीच भडकला.

"बसते तर वाचत का नाय?"

"आजोबा, आकार सगळ्या चिपांचा सारखाच असतो. पण तुमचा मोबाईल बत्तीस जीबीपर्यंतचीच वाचतो. ही चौसष्टची आहे."

"म्हंजे माझा मोबाईल चिपटं आणि ही चिप मापटं."

विनीतला ही धान्याची मापं ठाऊक नव्हती. "दुप्पट, एवढं खरं."

"तेच बोलतोय मी! दोन चिपट्यांचं एक मापटं. पण मापटं भरलंय कुठं, भाड्या? त्यात एकच मगर हाय. मूठभर! मूठभर दाणं चिपट्यात मावत नायत?"

"मोबाईल दाणे मोजत नाही, आजोबा, मापच बघतो. मोठ्या चिपेची आतली मांडणी वेगळी असते. ती त्याला ओळखता येत नाही, म्हणून तो विचारतो, सगळं पुसून नव्यानं मांडू का? त्यालाच फॉरमॅट म्हणतात."

कुशाबानं अंगठा मुठीत दडवला.

विनीतनं चिप एका मोठ्या कार्डाच्या पोटात घातली आणि ते कार्ड लॅपटॉपला लावलं. चिप कोरी. "कुणी होय तर दाबलं नाही ना?"

"कोण दाबील?" कुशाबा गुरगुरला.

पुसलेलं परत येतं का, ते विनीतनं खटपट करून पाहिलं. बऱ्याच वेळानं एक चित्र आलं. वरच्या अर्ध्यात म्हशीचं ढुंगण, खालचा अर्धा नुसता राखाडी.

"मगर त्या राखाडीत हाय," कुशाबा म्हणाला. आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि तेच आपल्या अंगठ्यानं पुसलं! रागानं त्याचे कान तापले, आणि तो राग ठेवायला जागा सापडेना. स्वतःवर ठेवावा, तर तिथं आधीच गर्दी. परतीच्या एस्टीतून पोलादपूरला उतरेपर्यंत त्यानं जागा शोधून काढली.

शिमग्याला पालखी सहाणेवर टेकली. साहिल मोबाईल उजळून तयार. कुशाबा गर्दी फोडत पुढं आला आणि त्यानं तोंड सोडलं.

"मगर दाखवणार होतो मी! महाडच्या त्या दुकानदारानं पुसली! मशीनमध्ये घातलंन, दात विचकलंन आणि पुसलंन! माझ्या डोळ्यांदेखत शेपूट हालवत गेली ती. मी ओरडलो, अरे, कापड्याची अब्रू हाय त्यात, नको पुसू! पण ऐकतोय कोण? आणि तुम्ही मला खोटा ठरवताय? माझ्या बापानं ह्या दगडावर उभं राहून—"

डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. असा राग कुणाला उसना आणता येत नाही, एवढं गोमाजीलाही कळत होतं. त्यानं साहिलला हातानं मागं सारलं आणि गाऱ्हाण्याचा नारळ कुशाबापुढं धरला.

"देवापुढं उभा हायस, कुशाबा. त्या दुकानदारानंच पुसली?"

"त्यानंच!" कुशाबानं नारळाला दोन्ही हात लावले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बनुबाईचा आवाज आला, पालखीच्या भोयांनाही ऐकू जाईल असा.

"अवो, परक्याच्या पोरावर कशाला घालताय? मोबाईलनं तुम्हालाच गाऱ्हाणं घातलं, पुसू का म्हणून, आणि माझ्या चुलीपाशी बसून तुम्हीच बोललात ना, व्हय म्हाराजा!"