बिट्टीसाठी भरलेली चकती

मित्रांनो, मी एक जुना मिनिडिस्क रेकॉर्डर. हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंही नसेल. त्यात तुमचा दोष नाही. आम्ही आलो आणि लोकांना नीट कळायच्या आतच बाजारातून गेलो. मी तळहातावर मावतो. माझं अंग धातूचं, रंग निळसर करडा. माझ्या पोटात एक छोटी चकती जाते, चौकोनी प्लॅस्टिकच्या घरात बंद असलेली. तिच्यावर मी आवाज भरतो, भरलेला आवाज परत ऐकवतो आणि सांगितलं तर पुसतोही.

माझा जन्म ज्या खोलीत झाला तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. तिथल्या बायका नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असत. एकीने तिळाएवढं भिंग चिमट्यात धरून माझ्यात बसवलं, आणि ते बसेपर्यंत तिने श्वास रोखून धरला. मी पाहिलेलं पहिलं माणूस हे असं होतं. त्यामुळे असेल, पण माणसं फार हळुवार असतात असं मला बरेच दिवस वाटत होतं.

मला विकत घेणाऱ्या माणसाला ओळखीचे लोक कानसेन म्हणत. समोर कौतुकाने म्हणत, मागे जरा हसून. त्याने दुकानदाराला अगदी जेरीस आणलं. स्वतःचे हेडफोन तो घरून घेऊन आला होता. माझ्या भावंडांची खोकी त्याने एकेक करून उघडायला लावली. एकाच्या झाकणावर केसाएवढा ओरखडा होता, तो नको. एकाची कळ दाबताना किंचित करकरत होती, तोही नको. शेवटी त्याने मला कानाशी धरलं, पोटातल्या मोटरची गुरगुर ऐकली आणि म्हणाला, "हा शांत आहे. हा द्या." मी फुशारून गेलो.

त्याच्या घरी काचेच्या दारांचं एक कपाट होतं. त्यात अँप्लिफायर, मायक्रोफोन, हेडफोन आणि नीट गुंडाळलेल्या वायरी. कपाटाला कुलूप नव्हतं. त्याला हात लावायची घरात कुणाची छातीच नव्हती. कचेरीला जाण्याआधी तो मला मऊ फडक्याने पुसायचा. माझी बॅटरी कधी गळू दिली नाही, भिंगावर धूळ बसू दिली नाही.

त्याची बायको बस स्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं तिच्या तोंडून गावाला कळायचं. ती भाजी घ्यायला गेली आणि नुसतं "अर्धा किलो" म्हणाली तरी लोक मागे वळून बघत. भाजीवाला तर तिला विचारायचा, कितव्या फलाटावर देऊ? त्यांना एक लहान मुलगी होती. सगळे तिला बिट्टी म्हणत.

नवा मायक्रोफोन आला की तो तपासायला आवाज लागायचा. मग दिवसभर बोलून आलेली बायको खुर्चीवर बसायची. भिंतींना रजया टांगलेल्या असत. "बोल," तो म्हणायचा. काय बोलायचं हे त्याने कधी सांगितलं नाही, कारण त्याला त्याचं काही नव्हतं. मग ती साबणाच्या पुड्यावरचं वाचायची, औषधाच्या खोक्यावरचं वाचायची. तो ऐकायचा आणि सांगायचा, की तुझा श शिट्टीसारखा येतो, किंवा तू वाक्याच्या शेवटी श्वास सोडतेस तो आत येतो. ती मान हलवायची आणि पुन्हा वाचायची.

एकदा ती अशीच कामावरून आली. त्याने खुर्ची दाखवली, ती बसली. त्या दिवशी तिने हातात पुडा घेतला नाही. मायक्रोफोनकडे बघत ती सावकाश म्हणाली, "माझ्या घशात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, वाईट गाठ आहे."

कानसेन माझ्या पडद्यावरच्या वरखाली होणाऱ्या रेघांकडे बघत होता. तो म्हणाला, "ठ फुटतोय. जरा मागे सर आणि परत म्हण."

ती मागे सरली. तिने परत म्हटलं. तेव्हा कुठे त्याने कानांवरचे हेडफोन काढले.

तो दगड नव्हता, मित्रांनो. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. तिचे कागद घेऊन त्याने या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे चकरा मारल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. स्वरयंत्र काढावं लागेल. मग श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. जीव वाचेल, बोलणं जाईल.

तेव्हा तिने नवऱ्याकडे एक गोष्ट मागितली. आपला आवाज बिट्टीसाठी भरून ठेवायचा. पोर लहान आहे, वर्षभरात विसरून जाईल, असं तिचं म्हणणं होतं. त्याला ते लगेच पटलं. त्याने चांगल्यातली चांगली चकती काढली आणि कपाटातला सर्वात महागडा मायक्रोफोन लावला. बिट्टी बालवाडीत गेली की दोघं खोलीचं दार लावून घेत.

तिने काय भरलं ते मला सगळं पाठ आहे. मोठं असं काहीच नव्हतं त्यात. बिट्टीला सकाळी उठवायची हाक, जेवायला बोलावायची हाक, आणि खोड्या काढल्यावरची ती दटावणारी हाक. वेणी घालताना तीन पेड कसे धरायचे, ते. पाळी आली तर घाबरायचं नाही, ते. सासरी जा, नको तर जाऊ नकोस, पण स्वतःच्या पैशाची पिशवी स्वतःजवळ ठेव, ते. बिट्टीला गाड्यांच्या घोषणा आवडायच्या म्हणून तिने एक खोटी घोषणाही केली, की बिट्टीला घेऊन झोपेच्या गावाला जाणारी गाडी फलाटाला लागलेली आहे. ती म्हणताना तिला हसू आलं. हसण्यातून खोकला आला. घसा तेव्हाच चिरत चालला होता.

"खोकला आलाय," कानसेन म्हणाला. "परत घेऊ."

ती पाणी प्यायली आणि तिने परत घेतलं. दुसऱ्या वेळी ती हसली नाही.

आमच्या चकतीच्या कडेला एक इवलीशी खिट्टी असते. ती सरकवली की चकतीवरचं काही पुसता येत नाही. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिने स्वतः नखाने ती खिट्टी सरकवली. चकतीवर कागद चिकटवून लिहिलं, 'बिट्टीसाठी', आणि ती कपाटात माझ्या शेजारी उभी करून ठेवली.

तिकडे तिचं ऑपरेशन झालं आणि इकडे कानसेनने नवे हेडफोन आणले. ते तपासायला त्याने तीच चकती लावली. तो ऐकत बसला. थोड्या वेळाने त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने आवाज मोठा केला आणि डोळे मिटले. तिच्या बोलण्याच्या खाली, अगदी तळाशी, एक बारीक घरघर होती. पलीकडच्या खोलीतला फ्रिज बंद करायचा राहिला होता. एकदा कानाला लागल्यावर त्याला दुसरं काही ऐकूच येईना. तो उठला, फिरला, परत बसला, परत ऐकलं. मग चकती बाहेर काढून त्याने खिट्टी मागे सरकवली.

पुसायच्या आधी मी विचारतो, मित्रांनो. पडद्यावर अक्षरं येतात, 'सगळं पुसायचं?' त्याने कळ दाबली.

त्या चांगल्या चकत्या तेव्हा दुकानांत मिळेनाशा झाल्या होत्या. त्याला एक नवा मायक्रोफोन बराच वेळ चालवून बघायचा होता. त्याने त्याच चकतीवर घड्याळाचा आवाज भरायला लावला. या वेळी न विसरता फ्रिज बंद केला. मग बिट्टी बालवाडीत गेल्यावर मला टेबलावर चालू ठेवून, दाराला कुलूप लावून तो दवाखान्यात बायकोला भेटायला गेला. तो तिच्या उशाशी बसला असेल, तिचा हात हातात घेतला असेल, तेवढा वेळ मी तिच्या आवाजाच्या जागेवर टिकटिक भरत होतो. चकती संपेपर्यंत भरत होतो. घरी आल्यावर त्याने ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. फ्रिजमधलं बिट्टीचं दूध नासलं होतं, ते ओतून दिलं.

ती घरी आली ती गळ्याभोवती पट्टी बांधून. पट्टीतून तिचा श्वास फुसफुसायचा. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्याने दिलं होतं, पण त्यातून बाटलीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज यायचा. तो ऐकून बिट्टी पलंगाखाली शिरली आणि बाहेर येईना. ते यंत्र त्या दिवसापासून खोक्यातच राहिलं. बिट्टी वडिलांकडे झोपायला लागली. आई जवळ आली की ती तिच्या गळ्याकडे बघायची आणि मागे सरायची. चकती लाव, असं बायको खुणेने सांगायची आणि कानसेन म्हणायचा, लावू, आधी तुला बरं वाटू दे.

एका दुपारी तो कचेरीत असताना तिने कपाट उघडलं. त्याच्या माघारी, लग्नानंतर पहिल्यांदाच. मला बाहेर काढलं, 'बिट्टीसाठी' लिहिलेली चकती माझ्यात घातली. खाऊ दाखवून बिट्टीला कशीबशी मांडीवर घेतलं. हेडफोन पोरीच्या कानांना मोठे होत होते म्हणून ते दोन्ही हातांनी धरून ठेवले आणि मला चालू केलं. मग ती वाकून पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

बिट्टीने बराच वेळ शहाण्यासारखं ऐकलं. मग म्हणाली, "आई, हे घड्याळ आहे."

तिने हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. चकती पुढे सरकवली, आणखी पुढे सरकवली, अगदी शेवटापर्यंत नेली. मग कपाटातली प्रत्येक चकती लावून बघितली. मला प्रत्येक शब्द पाठ होता, पण मला माझं असं तोंड नाही. चकती जे देईल तेच मी बोलतो.

कानसेन आला तेव्हा ती चकत्यांच्या पसाऱ्यात जमिनीवर बसली होती. तिने कागद चिकटवलेली चकती त्याच्यासमोर धरली. तो चप्पल काढायचंही विसरला.

"त्यात घरघर होती गं," तो म्हणाला. "फ्रिज चालू राहिला होता. असलं रेकॉर्डिंग मी ठेवत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, परत घेऊ..."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग ते त्याला ऐकू आलं.

ती ओरडली, मित्रांनो. तोंड पूर्ण उघडून ओरडली. गळ्याच्या पट्टीतून नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी तो मला आणि त्या चकतीला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने चकती लावून बघितली आणि विचारलं की पुसल्यावर हिच्यावर काही भरलंय का. कानसेनने हो म्हटलं. नुसतं पुसलेलं असतं तर खटपट करून परत आणता आलं असतं, असं दुरुस्तीवाला म्हणाला. पुसताना आमच्यात फक्त कुठे काय आहे याची नोंद जाते, खालचा आवाज तसाच असतो. पण त्यावर दुसरं भरलं की संपलं. कानसेनने आणखी दोन दुकानं पालथी घातली. उत्तर तेच.

घरी आल्यावर तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बिट्टीला खेळायला दिलं. तो बघत राहिला. बिट्टीने मला जिन्यावरून घरंगळवलं. माझ्या तोंडात बिस्किट कोंबलं. बाहुलीचा पलंग म्हणून वापरलं. प्रत्येक वेळी बिट्टीची आई नवऱ्याकडे बघायची, आणि तो माझ्या अंगावरचा नवा पोचा बघायचा. माझं झाकण वाकलं, भिंगावर बिस्किटाचा चुरा बसला, मी मुका झालो. मला कशाची शिक्षा होत होती, हे मला कळलं नाही. शिक्षा मला नव्हतीच, हे पुढे कळलं.

पोरं लवकर शिकतात. आईच्या ओठांवरून शब्द ओळखायला बिट्टी शिकली, आणि भीती गेली. मग तिलाही तो खेळ आवडला. ती आईशी तसंच बोलू लागली, नुसते ओठ हलवून. दोघी स्वयंपाकघरात तासन् तास बोलायच्या. भांडायच्या, रुसायच्या, पोट धरून हसायच्या, आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कानसेन दारात उभा राहायचा. त्याला ओठ वाचायला जमेना. त्याने खूप प्रयत्न केला, पण त्याची नजर सवयीने ओठांवरून सरकून भलतीकडेच जायची.

बिट्टी मोठी झाली तरी ते तसंच राहिलं. परवा जेवताना आईने तिला काहीतरी सांगितलं. बिट्टीचे डोळे भरून आले. तिने आईचा हात धरला.

"काय म्हणाली आई?" कानसेनने विचारलं.

बिट्टीने आईकडे बघितलं. सांगू का, असं ओठांनी विचारलं. आईने जराशी मान हलवली, नाही.

"काही नाही बाबा," बिट्टी म्हणाली. "तुम्ही जेवा."

मित्रांनो, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण आत्ता तुमच्या घरात कुणी बोलत असेल, तर हे मिटून ठेवा आणि त्यांच्याकडे जा. ते काय म्हणतायत ते पहिल्याच वेळी ऐका.