सहा ग्रॅमची चिचुंद्री

वजनकाटे दुरुस्त करण्यात माझा हात धरणारं आमच्या बाजारात कोणी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण गिऱ्हाइकांना कौतुकाला वेळ नसतो.

धाकटी बहीण मात्र शिकली. जंगलातली घुबडं काय निवडून खातात, याचा ती तीन वर्षं अभ्यास करत होती. घुबड शिकार अख्खी गिळतं आणि केसा-हाडांचा गोळा ओकून टाकतं. ती ते गोळे फोडून जबडे मोजायची. जंगलात मुळात कोण किती आहे हे कळावं म्हणून साठ सापळेही लावायची. गोळ्यांत निम्म्या चिचुंद्र्या, सापळ्यांत तीन वर्षांत जेमतेम चार. म्हणजे घुबड उंदीर सोडून चिचुंद्र्या वेचून खातं, असा तिचा निष्कर्ष. त्यावरच तिची पदवी अवलंबून होती.

परीक्षकांसमोर बोलायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात सराव करत होती. बोलता बोलता म्हणाली, ही जंगलातली चिचुंद्री घरातल्यासारखी मोठी नसते, भरते अवघी सहा ग्रॅम. वजन म्हटलं की माझे कान टवकारतात. तिचा एक सापळा दुरुस्तीला आला होता. पाय पडला की दार मिटवणारी पट्टी त्यात असते; तिच्यावर मी सहा ग्रॅमचं वजन ठेवलं. दार ढिम्म हललं नाही. सात, आठ, तरी नाही. नऊला मिटलं.

माझं धाबं दणाणलं. सापळे वाऱ्यानेही मिटतात अशी तिची तक्रार होती, म्हणून अभ्यासाच्या सुरुवातीलाच साठही स्प्रिंगा मीच ताठ केल्या होत्या. वर मिरवलंही होतं.

गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बसवेना.

"चिचुंद्र्या येऊन जात होत्या गं," मी म्हणाले. "घुबड नाही, तुझे सापळे निवडत होते."

ती रडली. मग डोळे पुसून तिने साठही सापळे माझ्याकडून तपासून घेतले. सगळे तसेच. तिने चिचुंद्र्या हिशेबातून काढल्या आणि नुसते उंदीर ठेवले; त्यांची बाहेर हिंडणारी पिल्लंही नऊ ग्रॅमांच्या वर भरतात. त्यांत घुबडं थोराड सोडून पिल्लं जास्त उचलत होती. पदवीला तेवढं पुरेल का, ते परीक्षकांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मीही ऐकायला मागे जाऊन बसले. तिने आधी चूकच सांगितली. स्प्रिंगा कोणी ताठ केल्या, असं परीक्षकांनी विचारलं.

"जबाबदारी माझी आहे, सर," धाकटी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी शेवटच्या रांगेतून उठले. "मी केल्या. चूक माझी. तिच्या मोजणीत खोट काढून दाखवा."

परीक्षकांनी तिची वही ओढली. पाऊण तास खोट शोधली. मग सही केली.