दोन वर्तमानपत्रांतला जबडा

लेख पाठवायला एकच दिवस उरला होता आणि पिरोश्काला नोंदवहीतला एक क्रमांक पडताळायचा होता. तेवढ्यासाठीच तिने संग्रहालयाच्या तळघरातला हाडांचा खण ओढला.

बाकोनीच्या डोंगरातल्या, आता बंद पडलेल्या बॉक्साइटच्या खाणीतून निघालेल्या वीतभर जबड्यावर तिची आठ वर्षे गेली होती. पुढचे दात बोथट, पाला चघळणारे. मागे एकच दात सुरीसारखा. मगरीच्या प्राचीन भाऊबंदांपैकी कुणाच्याच तोंडात असे दात एकत्र आढळले नव्हते. नव्या प्रजातीचा सारा दावा त्यावर उभा होता. नाव द्यायचे होते ते लोरिन्त्स बाचींचे, म्हणजे लोरिन्त्सकाकांचे. त्यांनीच हा जबडा खणला होता, त्याचे तुकडे जोडले होते. आणि चाळीस वर्षे, संग्रहालयाच्या नोकरीत, इतरांच्या नावाने छापल्या जाणाऱ्या हाडांवरची माती निमूट टोकरली होती.

खाणीवर हाड गुंडाळायचे ते त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. तारीख वेगळी लिहायला सवड कुणाला? कागदच ती सांगे. खणाच्या तळाशी, कचरा समजून तिने कधीच न उलगडलेले दोन बोळे होते. दोन्हींवर बाचींच्या पेन्सिलीने एकाच जबड्याचा क्रमांक. एका कागदावर पुराची बातमी होती. दुसऱ्यावर, तीन वर्षांनंतरची, खाण बंद होणार असल्याची.

ती स्टुलावर बसून राहिली. थकवा एकदम येत नाही; हाडात दगड उतरावा तसा तो कणाकणाने आपली जागा घेत जातो.

गुरुवार होता, म्हणून अकराच्या सुमारास बाची आले. वय ब्याऐंशी, काखेत वर्तमानपत्रात बांधलेली, खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी.

"काय गं, मगर चावली की काय?"

"साडेआठ कोटी वर्षं उपाशी आहे, बाची. चावणारच."

तिने दोन्ही कागद पुढे सरकवले. बाचींनी चष्मा लावून पुराची बातमी शेवटपर्यंत वाचली. "यात माझ्या मेव्हण्याची डुकरं वाहून गेली," ते म्हणाले.

"मागचा तुकडा तीन वर्षांनी सापडला?"

"त्याच भिंतीत. जरा वरच्या अंगाला."

"पुढच्याशी जुळला होता?"

"जुळवला, पोरी. मधे चिमूटभर प्लास्टर. एवढी वाट पाहिली होती, वाटलं, याचाच असणार."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कुठं? पुढे त्याला माझं नाव देते म्हणालीस. मग तर जीभच उचलेना."

लेख आहे तसा गेला असता तर कुणाला कळले नसते. छापलेले पान या माणसाच्या हातात ठेवता आले असते. अजून किती गुरुवार उरले होते कोण जाणे. तिने डोळे मिटले.

"सोडव तो सांधा," बाची म्हणाले.

"चुरा होईल."

"होऊ दे. माझंच पाप, मीच आंघोळ घालतो." त्यांनी ॲसिटोनची बाटली उघडली.

दुपारपर्यंत डिंक विरघळला. कुंचल्याने प्लास्टर निघाले, नखाएवढ्या जाडीचे. तुकडे अलग झाले. एकाची तुटलेली कड दुसऱ्याच्या कडेला ओळखत नव्हती. सुरीचा दात दुसऱ्याच कुणा जनावराचा होता. मात्र पुढच्या तुकड्यात, प्लास्टरने बुजवलेल्या जागी, दाताची एक रिकामी खोबण दिसली: अरुंद, चपटी, लांबट.

"बघ, सुरी मावेल अशी आहे," बाची पुटपुटले.

"रिकाम्या खोबणीला नाव देता येत नाही, बाची."

"नाही देता येत. पण ती मी केलेली नाही, एवढं तरी खरं."

तो दात असलाच, तर खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या हिरव्या पाण्याखाली होता. पिरोश्काने लेखाची चळत उलटी करून कोऱ्या बाजूवर लिहिले: 'पुढचा तुकडा. प्रजाती अनिश्चित.' लिहिताना तिला आपल्या वयाची, चोपन्नाची, आठवण झाली. मग तेही ती विसरली.

बाचींनी गुंडाळीभोवतीचे आजचे वर्तमानपत्र सोडवले, खसखस झटकली आणि पुढचा तुकडा त्यात बांधला. दुसऱ्या तुकड्यासाठी पिरोश्का त्याच कागदाचे उरलेले अर्धे पान फाडू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"त्याला आजचा नको," ते म्हणाले. "नाहीतर पुन्हा कुणीतरी जुळवेल. त्याला उद्याचा."