सुरू न झालेल्या कंपनीचा टेलिफोन

मित्रांनो, हसू नका. तबकडी फिरवून नंबर लावायचा काळा टेलिफोन आहे मी, आणि वय विचारू नये इतका जुना आहे. साऱ्या जगाने माझ्यातून गप्पा मारल्या, पण मला स्वतःला एक शब्द बोलायची सोय नाही. तुमच्याशी बोलतोय तेही मनातल्या मनात. ऐकाल ना?

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडलं. एकीने तारा बसवल्या, दुसरीने स्क्रू आवळले, आणि शेवटी एका म्हाताऱ्या तपासनिसाने मला वाजवून बघितलं. "घंटी बघा याची, मेलेला माणूस उठेल!" तो म्हणाला. मी असा काही फुगलो म्हणता! मग एका डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. काय थाट होता तेव्हा! मी वाजलो की सगळे पेशंट चिडीचूप. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायचे. किती बाळांच्या जन्माच्या बातम्या माझ्यातून गेल्या, विचारू नका. पुढे बटणांचे फोन आले आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथे एका तडकलेल्या आरशामागे मी धूळ खात पडलो.

तिथून मला उचललं धाकटीने. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ती इस्पितळात चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करायची. हात असा की कुरकुरणारी खुर्ची तिच्याकडून गेली की मुकाट चालायची. ती नोकरी सोडून तिने आणि तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, दुरुस्तीची कंपनी काढली. कागदांचं दादाने बघायचं, खुर्च्यांचं तिने. घराच्या पुढच्या खोलीत टेबल लागलं, भिंतीवर नट आवळायचे पाने टांगले गेले, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मी बसलो. बरं वाटलं हो, खोटं कशाला सांगू?

दादाने रीतसर करखात्याला कळवलं, की कंपनी काढली आहे, व्यवसाय अद्याप सुरू केलेला नाही. "कळवावं लागतं गं," तो म्हणाला, "नाहीतर आपण धंदा करतोय असंच धरून चालतात ते." इथवर सगळं ठीक होतं. मग सामान आलं, टेबलाला रंग लागला, आणि धाकटी म्हणाली, "दादा, करू या ना आता सुरू?"

"तसं कसं? सुरू नाही म्हणून कळवलंय आपण. थांब, विचारतो."

त्याने माझ्यावरून नंबर फिरवला. धाकटी दारात उभी होती. तिला फक्त दादाचं बोलणं ऐकू येत होतं, मला दोन्हीकडचं. पलीकडचा कारकून म्हणाला, "करा की सुरू. केलंत की आम्हाला कळवा."

"म्हणजे परवानगी..."

"कसली परवानगी? फक्त कळवायचं."

"नक्की?"

"अहो, नक्की."

दादाने रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाले?" धाकटीने विचारलं.

"थांबा म्हणाले," दादा म्हणाला. "त्यांचं उत्तर येईपर्यंत."

मित्रांनो, हे साफ खोटं होतं. दादा वाईट माणूस नाही. पूर्वी एकदा त्याचं दुकान बुडालं होतं, तेव्हा गल्लीतले लोक त्याला बघून कुजबुजायचे. तेव्हापासून त्याने हाय खाल्ली होती. हे सगळं खरं. पण मला खरं उत्तर ठाऊक होतं आणि ते सांगायला तोंड नव्हतं! कुणी फोन केला तरच मी वाजणार, आणि वाजून वाजून काय सांगणार?

मग वाट बघणं सुरू झालं. लोकांचे फोन येत होते, कारण धाकटीच्या हाताची कीर्ती पसरलेली. ती प्रत्येकाला म्हणायची, "अजून सुरू नाही झालं हो." सगळ्यात जास्त फोन एका शिंपीणबाईंचे. त्यांच्या आईच्या खुर्चीचं पुढचं चाक मोडलं होतं. म्हातारी मागच्या खोलीत अडकून पडली होती, तिला पुढच्या खिडकीशी बसून रस्ता बघायचा होता.

"दादा, नुसतं चाक बसवून देते. फुकट," धाकटी म्हणाली.

"वेडी आहेस का? फुकट केलं तरी काम ते कामच. उद्या कुणी विचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

तिने हातातला पाना परत भिंतीवर टांगला. दादाचा शब्द तिने लहानपणापासून कधी मोडला नव्हता. रोज सकाळी येऊन ती पाने पुसायची, नव्या सामानातलं तेच एक चाक खोलायची, पुन्हा बसवायची. मी तिच्याकडे बघत बसायचो आणि जीव नुसता तुटायचा. एकदा तिने इस्पितळाला फोन करून विचारलं, जुनी जागा मिळेल का. तिकडून उत्तर आलं, "बाई, ती कधीच भरली." पुढे पुढे तर ती मला पुसायचीही बंद झाली. दादा मात्र वर्ष सरलं की करखात्याला तेच वाक्य पुन्हा लिहून पाठवायचा.

मग एके दिवशी दादा औषध आणायला बाहेर गेला आणि मी वाजलो. करखात्याचा तोच कारकून होता.

"यंदाही सुरू नाही असंच धरू ना?"

"तुमचंच उत्तर यायचंय ना अजून," धाकटी म्हणाली, "परवानगीचं."

"कसली परवानगी, बाई? तुमच्याकडच्या गृहस्थांना मी फोनवर सांगितलं होतं, सुरू करा आणि कळवा. चांगलं आठवतंय, नक्की का म्हणून विचारत होते ते."

धाकटीने रिसीव्हर हळूच खाली ठेवला. दादा आला तेव्हा ती तशीच उभी होती.

"त्या दिवशी काय म्हणाले होते रे ऑफिसवाले?"

"म्हटलं ना, थांबा..."

"परत सांग."

दादा खुर्चीत बसला. "सुरू करा म्हणाले," तो म्हणाला. "घाबरलो गं मी. सुरूच नाही केलं तर बुडणार कसं, असं वाटलं."

"आणि मी? मी इथे रोज बुडत होते, ते नाही दिसलं तुला?"

तिने शिंपीणबाईंचा नंबर फिरवला. "खुर्ची घेऊन या, चाक बसवते."

"आता कशाला हो?" शिंपीणबाई थकून म्हणाल्या. "आई पलंगावरून उठतच नाही. खिडकीचं नावसुद्धा काढत नाही. सवय झाली तिला."

"मी येते," धाकटी म्हणाली. "खुर्ची तेवढी पुसून ठेवा."

पाने, ग्रीसचा डबा आणि ते चाक पिशवीत घालून ती निघाली. दादाकडे तिने वळूनही बघितलं नाही.

ती गेल्यावर दादा उठून माझ्याजवळ आला. मग त्याने रिसीव्हर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि नंबर फिरवला. "आमची कंपनी सुरू झाली," तो म्हणाला, "ते कळवायचं होतं."

"वा! कधीपासून धरू?"

"आजपासून."

"काम कोण बघतं?"

"माझी बहीण," दादा म्हणाला, आणि पुढे त्याला बोलवेना.

"हॅलो? आवाज तुटतोय तुमचा," कारकून म्हणाला. "फोन बिघडलाय का?"

मित्रांनो, मी मुळीच बिघडलो नव्हतो.

संध्याकाळी धाकटी परत आली. चाक बसलं होतं, पण म्हातारी खुर्चीत बसायला तयार नव्हती. धाकटी उद्या पुन्हा जाणार आहे. दादाशी ती अजून कामापुरतंच बोलते.

मला अधूनमधून पुसलंत तर बरं वाटेल, या वयात आणखी काय हवं? पण एक मागणं आहे. माझ्यातून घरच्या माणसासाठी काही आलं, तर ते त्याला सगळंच्या सगळं सांगा. मला सांगता येत नाही हो.