सतरंजी उचलली तेव्हा

सिद्धोधननं खाली वाकून सतरंजीची घडी उचलली, काखेत मारली आणि चपला शोधू लागला. ओसरीवर उभी असलेली माणसं बोलता बोलता थांबली.

काय झालं ते त्याला कळलं नाही. बायकोला न्यायला तो दर शुक्रवारी येई आणि फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून राही. आज लिंबाजीची म्हातारी आई ती जड सतरंजी ओढताना दिसली म्हणून तो आत आला होता, एवढंच. कुठं ठेवायची, असं विचारायला त्यानं वर पाहिलं, तर सगळे त्याच्या सासऱ्याकडं, दानियलरावांकडं बघत होते.

बोरीतल्या मोजक्या ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारची एक रीत होती. पुढची सभा कुणाच्या घरी, हे तोंडानं कुणी सांगत नसे. बायबलचा शास्त्राभ्यास झाला, उपास सोडून खिचडी खाऊन झाली, की ज्याला पुढच्या शुक्रवारी सभा आपल्या घरी हवी त्यानं सतरंजी उचलायची. एकदा उचलली की उचलली. ती परत ठेवायला लावणं म्हणजे दारात आलेल्या प्रार्थनेला माघारी धाडणं, असं जुनी माणसं मानत.

"जावईबापू," लिंबाजी म्हणाला, "खिचडीत शेंगदाणे हात सैल सोडून टाका बरं का. आमच्या हिनं आज मोजून टाकले."

"मोजून टाकले तरी दोन ताटं हाणली की तुमी," आतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

दोघंतिघं हसले. सुवार्ता मात्र नवऱ्याजवळ सरकली. "ठेवा ती खाली," ती हळूच म्हणाली. तो ठेवायला वाकलाच होता.

"ऱ्हाऊ द्या," सुवार्ताची आई सरजाबाई म्हणाल्या. "उचलली ना."

दानियलरावांनी चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला. लेकीकडं त्यांनी पाहिलं नाही.

ते येलदरीला पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त होऊन बोरीला आले, आणि पाळकसाहेब परभणीहून फक्त रविवारी येत म्हणून शुक्रवारचा अभ्यास त्यांच्याकडं आला. आठवडाभर ते वाचत. तरी सुरुवात करताना आवाज खोल जाई आणि हे काम दुसऱ्या कुणी करायला हवं होतं, असं दरवेळी वाटे. जन्मात ते कुणापुढं मोठ्यानं बोलले नव्हते. बोलले ते एकदाच. तीन वर्षांपूर्वी सुवार्तानं सिद्धोधनशी बौद्ध पद्धतीनं लग्न लावलं तेव्हा सगळ्या मंडळीदेखत ते म्हणाले होते, "देवळात पाळकसाहेबांचा आशीर्वाद घेतल्याबिगर मी त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

ते वाक्य इतकं स्पष्ट निघालं, की कुणीच विसरलं नाही. ते परत कसं घ्यायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि घ्या असं कुणी म्हटलंही नाही. सुवार्ता सभेला येई, मागं बसे. बाप वाची, लेक ऐके. बोलणं तेवढंच.

घरी जाताना ते सरजाबाईंना म्हणाले, "त्याला रीत ठाऊक न्हाई. चुकून उचलली त्यानं."

"चुकून का हुईना."

"लिंबाजीला सांगून बदलता येईल."

"आन् तुमी न्हाई आलेत त शास्त्र कोण समजावणार? लिंबाजी?"

आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते म्हणाले, "प्रार्थना झाली की निघायचं. जेवायला थांबायचं न्हाई."

"बरं," सरजाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दिवस मावळताना ते दोघं कालव्यापलीकडच्या वस्तीत सिद्धोधनच्या घरी पोचले. दारात एक टोपली ठेवली होती. उपवासकाळात सभेला बसताना मोबाइल बंद करून बाहेर ठेवत. दानियलरावांनी आपला ठेवला, मग चपला काढायला उगीच वेळ लावला. शेवटी मान खाली घालून ते आत शिरले. आभाळ कोसळलं नाही.

"या इवाई," सिद्धोधनची आई धम्मशीलाबाई व्याह्यांना म्हणाली. "लय दिसांनी वाट सापडली."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला ताजा हार होता. तसबिरीखालीच एका स्टुलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं होतं, शास्त्र ठेवायला. सतरंजीवर माणसं दाटीनं बसली. सुवार्ता मांडीवर लहानगीला घेऊन सासूजवळ बसली. सिद्धोधन दारात उभा राहिला.

क्रमानं आलेला भाग पेत्राचा, येशूच्या शिष्याचा, होता. येशूला धरून नेलं आहे, बाहेर अंगणात विस्तव पेटलेला, पेत्र हात शेकत बसलेला. एक दासी म्हणते, हा त्याच्या माणसांतलाच. तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. दानियलरावांनी हळू आवाजात वाचून दाखवलं आणि पेत्राला त्याच्या बोलीवरून कसं ओळखलं ते समजावलं.

"आपल्याला पुण्यात वळखतेत तसं," लिंबाजी म्हणाला. "माझं पोरगं तिथं नुसतं 'काय करायलाव' म्हणलं, त समदे हसायलेत."

हसणं ओसरल्यावर धम्मशीलाबाईनं विचारलं, "इवाई, त्या पेत्राला बायको व्हती का?"

"होती. तिच्या आईचा उल्लेख आहे."

"मंग घरी गेल्यावर तिला कळलंच आसंल."

"तसं काही लिहिलेलं नाही."

"लिव्हायला कशाला पायजे," ती म्हणाली. "बायकोला कळतंच."

दानियलरावांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना डोळे मिटून मनन करायला सांगितलं. घर शांत झालं. बाहेर कुणाचा तरी पंप बंद पडल्यासारखा आवाज आला आणि मिटल्या पापण्यांवरचा उजेडही गेला.

त्यांनी डोळे उघडले. काळोख होता. वीज गेली होती. मोबाइल टोपलीत, त्यामुळं कुणाला काही करता येईना. सुवार्ताची मुलगी किंचित कुरकुरली.

मग त्यांच्या शेजारून सरजाबाई उठल्या. पदराची सळसळ झाली. कुणाच्या गुडघ्याला न लागता, भिंत न चाचपता त्या आतल्या खोलीत गेल्या. फळीवरचा डबा सरकला. त्यामागून काडेपेटी खुळखुळली. तळहाताच्या आडोशानं मेणबत्ती सांभाळत त्या परत आल्या, शास्त्राशेजारी ती उभी केली आणि आपल्या जागी बसल्या.

कुणीही नवल केलं नाही. लिंबाजी आपली नखं बघत होता. सुवार्ता झोपलेल्या पोरीला अजून थोपटत होती. सिद्धोधन दारातून बाहेर अंधारात बघत होता, जणू तिथं काही होतं.

दर बुधवारी बायकांची सभा लांबते, असं सरजाबाई सांगत. तिथं काय वाचलं, हे विचारावंसं दानियलरावांना कधी वाटलं नव्हतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं तर. फक्त त्यांच्यासमोर सगळे गप्प बसत होते, आजाऱ्याच्या खोलीत बसावं तसे.

आता राग येईल, असं वाटून ते थांबले. तो आला नाही. पुस्तकातली ओळ त्यांना दिसत होती, पण वाचता येत नव्हती.

"प्रार्थना करू," ते म्हणाले. ती फार लहान झाली. अर्ध्यातच त्यांनी आमेन म्हटलं.

बायका उठल्या. आतून खिचडीचा, लसणाच्या फोडणीचा वास आला. ताटं मांडली जाऊ लागली. सरजाबाईंनी ठरल्याप्रमाणे पदर सावरला, पिशवी खांद्याला लावली आणि नवऱ्याकडं पाहिलं. दानियलराव उठून उभे राहिले, तसा सुवार्ताच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला.

"भाऊ, निघालात का?" लिंबाजीनं विचारलं.

दानियलराव बायकोकडं वळले.

"हात कुठं धुवायचे?"

सरजाबाईंनी खांद्यावरची पिशवी काढून भिंतीशी ठेवली.

"मागच्या दारानं," त्या म्हणाल्या. "उजव्या अंगाला रांजण हाय. पायरी मोडकी हाय, जपून उतरा."

मेणबत्ती इथं लागत होती, म्हणून ते तसेच अंधारात गेले. पायरी खरंच मोडकी होती.